आठव्या महिन्यातलं लेकरू

आमच्या घरात गरोदर बाईला सातवा महिना लागायचा, आणि त्याच्यानंतर थेट नववा. मधला आठवा माझी आई तोंडातून काढत नसे. शेजारची कुणी आठव्यात असली तरी आई म्हणायची, "सातवा सरला तिचा, आता नववा लागन." आमच्या मोहल्ल्यातल्या बहुतेक बायका असंच बोलायच्या, पण आईचं बोलणं नुसत्या रीतीचं नव्हतं.

माझ्या आधी तिला एक मुलगा झाला होता. गिरडपासून चार-पाच किलोमीटरवर आमचं गाव. बाबा हंगामात जिनिंगमध्ये गाठी उचलायचे, बाकीचे महिने मिळेल त्या कामावर. आई वेचणीला जायची. त्या वर्षी कपाशी चांगली फुटली होती, म्हणून आठवा लागल्यावरही ती कमरेला ओटी बांधून तासातासानं, एकेक ओळ धरून, कापूस वेचत होती. वावरातच कळा आल्या. घरी आणलं, दाई आली, मुलगा झाला. तो दीड दिवस जगला. त्याच्या बरगड्या कशा हलत होत्या ते आई बोलून सांगत नसे. हाताची बोटं मिटायची, उघडायची, पुन्हा मिटायची. त्याला नाव ठेवायला वेळच मिळाला नाही.

गावानं तिला सांगितलं की सातव्यातलं लेकरू जगते, आठव्यातलं जगत नाही. तिनं ते मनात धरलं, आणि तो महिना तोंडातून काढला की लेकरावर येतो असंच तिला वाटू लागलं. बाबा चिडायचे. माझ्या आजोबांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेली. बाबा म्हणायचे, "आपल्या बापानं सारं सोडलं, अन् तू हे एक काऊन धरून बसली?" आई भाकरी थापत राहायची. तिनं देव सोडले होते, उपास सोडले होते, हे मात्र तिच्याकडून सुटलं नाही.

मी शिकले. हे मी अभिमानानं लिहिते आहे, कारण आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. रोज एसटीचा पास दाखवून हिंगणघाटला जायचे. बी.ए. झाले आणि समुद्रपूरच्या एका कॉन्व्हेंटमध्ये लहान मुलांना शिकवू लागले. मोहल्ल्यात कुणाच्याही घरी सरकारी कागद आला की तो माझ्याकडे यायचा. औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय तेही मीच वाचायचे. "सुजाताले दाखवा," हे आमच्याकडचं ठरलेलं वाक्य होतं. त्या सुजातानं आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या सकाळी एक साधी गोष्ट सांगितली नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

ती सकाळ

माझं लग्न देवळीला झालं. प्रफुल्ल, माझे मिस्टर, वीज खात्यात लाइनमन आहेत. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून डोहाळजेवण आटोपून मी गावी आले. डिसेंबर होता. अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते आणि उठायला गेले तर पायाखाली ओलं झालं. आधी वाटलं लोटा कलंडला. आईनं पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

बाबांनी ऑटो आणला. घाईत माझं तपासणीचं कार्ड कपाटातच राहिलं. समुद्रपूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत कळा सुरू झाल्या होत्या. सिस्टरनं माझ्या पोटावर हात ठेवला आणि नेहमीचा प्रश्न विचारला की कितवा महिना आहे.

"नववा लागला, सिस्टर," आई म्हणाली.

मला तारखा पाठ होत्या. सातवा भरून आठव्याचे दोन आठवडे झाले होते. सोनोग्राफीचा कागद मी स्वतः वाचला होता. सिस्टरनं माझ्याकडे पाहिलं, खात्री करायला. आईनं माझं मनगट धरलं होतं, ती पकड मला अजून आठवते. मी डोळे मिटून घेतले. कळा येत होत्या हे खरं, पण दोन कळांच्या मधे बोलता आलं असतं हेही खरं. आईच्या त्या दीड दिवसाच्या लेकराचा मान ठेवला म्हणा, किंवा मनात कुठेतरी मीही घाबरले होते म्हणा. बी.ए.चा कागद अशा वेळी कुठे जातो कोण जाणे.

सिस्टरनं नववा लिहिलं. नववा म्हणजे घाबरण्यासारखं काही नव्हतं. तिथेच बाळंतपण करायचं ठरलं. मला नंतर कळलं की आठव्यात कळा आल्या तर आईला एक सुई देतात, बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून, आणि जमलं तर बाळ पोटात असतानाच मोठ्या दवाखान्यात हलवतात. आम्ही ती वाटच बंद करून टाकली होती.

दोन तासांत मुलगी झाली. ती रडली, पण एकदाच. नंतर तिच्या घशातून एक आवाज यायला लागला. म्हातारं माणूस झोपेत कण्हतं तसा. प्रत्येक श्वासाला तिची छाती आत जायची, बरगड्यांखाली खळगा पडायचा. ओठ जांभळे होत होते. तिथल्या डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, वजन केलं आणि आईला विचारलं, "हे नवव्यातलं आहे?" आईनं मान हलवली. तेवढ्यात ॲम्ब्युलन्स आली आणि बोलणं तिथेच राहिलं.

आई बाळाच्या छातीकडे बघत होती. तिच्या उजव्या हाताची बोटं मिटत होती, उघडत होती.

वर्धा

वर्ध्याच्या दवाखान्यात बाळाला काचेच्या खोलीत नेलं आणि मला बाहेरच्या खाटेवर टाकलं. थोड्या वेळानं एक डॉक्टर मॅडम आल्या, माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनीच मोठ्या असतील. त्यांनी कार्ड मागितलं. बाबा ते आणायला एसटीनं परत गेले होते आणि घराला कुलूप, त्यामुळे फोनवर फोटो पाठवणारंही कुणी नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, "कागदावर नववा लिहून आलाय. बाळ चौदाशे ग्रॅमचं आहे. खरंच नववा असेल तर मला वेगळ्याच आजाराचा शोध घ्यावा लागेल. महिने कमी असतील तर फुप्फुसं कच्ची आहेत, त्याचं औषध आहे, आणि ते लवकर गेलेलं बरं. नक्की सांगा."

आई खाटेच्या कडेला उभी होती. ती लगेच म्हणाली, "नववाच आहे, मॅडम. पोट्टीची कुडीच बारीक."

मी म्हटलं, "आई, थांब."

"सुजा, बोलू नको माय."

"आठवा आहे मॅडम. सातवा भरून दोन आठवडे झाले. तारीख सांगते, लिहून घ्या."

आईनं माझ्या तोंडावर हात ठेवला, पण तोवर बोलून झालं होतं. तिच्या हाताला तुरीच्या शेंगांचा वास होता. मॅडमनी तारीख लिहून घेतली. त्या रागावल्या नाहीत, याचंच मला जास्त लागलं. एवढंच म्हणाल्या, "मला शंका होतीच. पण तुमच्या तोंडून पक्कं हवं होतं." आणि लगबगीनं आत गेल्या.

आई भिंतीला टेकून खाली बसली. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "तू बोलली, सुजा. आता मी काय करू?"

वरण

त्या दिवसांकडे आता मागे वळून पाहिलं की भीती आधी आठवत नाही, याचं मलाच नवल वाटतं. आठवतो तो बुडबुड्यांचा आवाज.

बाळाच्या नाकात हवा देणाऱ्या यंत्राच्या दोन बारीक नळ्या होत्या, आणि त्याच यंत्राच्या आणखी एका नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत. हवेच्या दाबानं बाटलीत सतत बुडबुडे यायचे. त्या दाबानं फुप्फुसं उघडी राहतात, मिटून चिकटत नाहीत, असं मॅडमनी सांगितलं. औषध पहिल्याच दिवशी थेट फुप्फुसात सोडलं होतं. आम्हा बाळंतिणींच्या खोलीत आर्वीकडची मंदा नावाची बाई होती, तिची जुळी मुलं आत होती. पहिल्यांदा मी दाराशी रडत उभी राहिले तेव्हा ती मागून म्हणाली, "रडतं कायले? पाह्य, तुह्या पोरीचं वरण शिजून राह्यलं. ज्या दिवशी गॅस बंद होते त्या दिवशी रडजो."

मग आम्ही सगळ्या तसंच बोलायला लागलो. आत दूध द्यायला जाऊन आलेल्या बाईला विचारायचं, "शिजते का?" ती म्हणायची, "हाव, रटरट." एका सासूबाईंना काही कळेना, त्यांनी सिस्टरकडे जाऊन तक्रार केली की या बायका आत स्वयंपाक करतात म्हणून.

दिवसाचं वेळापत्रक दुधानं ठरलेलं होतं. दर दोन तासांनी हात कोपरापर्यंत धुवायचे, हिरवा गाऊन चढवायचा, वाटीत दूध काढायचं. पहिल्या दिवशी माझं जेमतेम वाटीचा तळ ओला होईल इतकं निघालं. मला लाज वाटली. पुलगावच्या एक वयस्क सिस्टर होत्या, त्या ते थेंब सिरिंजमध्ये ओढत म्हणाल्या, "हे सोनं आहे, तोंड पाडू नको." नळीनं दूध, मग थोडं बोंडल्यानं, असं पुढे सरकत गेलं. दुपारी मागच्या व्हरांड्यात ऊन यायचं. आम्ही तिथे ओळीनं बसून एकमेकींचे केस विंचरायचो. कुणाच्या घरून डबा आला की सात जणी खायच्या. माझ्या सासूबाई देवळीहून मेथीचे मुटके पाठवायच्या, मंदा त्यांची वाट माझ्यापेक्षा जास्त बघायची. इतक्या बायका माझ्याशी इतक्या खऱ्या बोलल्या, असं आधी कधी झालं नव्हतं आणि नंतरही नाही. अजून एखाद्या हिवाळ्यात केस सुकवायला उन्हात बसले की तो व्हरांडा आठवतो, आणि खरं सांगते, थोडं चुकल्यासारखं वाटतं.

प्रफुल्ल रोज ड्यूटी संपवून देवळीहून गाडीनं यायचे. खांबावर चढणारा माणूस, पण काचेशी आला की चौकट घट्ट धरून उभा राहायचा. आमचं भांडण त्याच आठवड्यात झालं. त्यांना नवव्याची गोष्ट बाबांकडून कळली होती. ते म्हणाले, "तुह्या आईचं समजतो मी. तुले काय झालं होतं?" दोन दिवस ते माझ्याशी जरुरीपुरतंच बोलले. तिसऱ्या दिवशी घरून गरम पाण्याची थैली घेऊन आले, माझी कंबर दुखते हे त्यांनी लक्षात ठेवलं होतं. माफी कुणी मागितली नाही. थैली गरम होती, मी ती घेतली.

आई बाहेरच बसून राहिली

आई काचेपाशी आलीच नाही. ती जिन्याखालच्या बाकावर बसायची. मी बोलून गेले त्या क्षणापासून ती वाट बघत होती, आणि कशाची ते मला ठाऊक होतं. दीड दिवस झाला. बाळ होतं. दोन दिवस झाले, तरी होतं. मी खाली जाऊन सांगायचे की शिजतं आहे. आई मान हलवायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी दूध घेऊन आत उभी होते आणि यंत्र वाजायला लागलं. बाळाची छाती हललीच नाही. रंग पालटताना मी डोळ्यांनी पाहिला. सिस्टरनं शांतपणे हात आत घातला आणि बाळाच्या तळपायावर बोटानं टिचकी मारली. एक, दोन. तिसऱ्या टिचकीला बाळानं पाय आखडला आणि श्वास घेतला. माझ्या हातातली वाटी केव्हाच खाली पडली होती. सिस्टर म्हणाल्या की एवढी लहान लेकरं श्वास घ्यायला विसरतात, त्यांना आठवण करून द्यावी लागते. "रागावू नको तिच्यावर. काम नवीन आहे तिले."

मी हे आईला सांगायला नको होतं, पण सांगितलं. आईनं विचारलं, "विसरते म्हणजे?" सिस्टरनं टिचकी कशी मारली ते मी दाखवलं, तेव्हा म्हणाली, "म्हाया पोराच्या पायाले कोणी टिचकी नाई मारली."

आम्ही दोघी तिथे रडलो. ती माझ्यावर चिडलेली नव्हती, इतक्या वर्षांत ती त्या लेकरासाठी रडलीच नव्हती. मी म्हटलं, "आई, तू आठवा बोलली असती तरी तो गेलाच असता, अन् नसती बोलली तरी. त्याले मशीन पाहिजे होती." तिनं ऐकलं की नाही, माहीत नाही.

दहाव्या-अकराव्या दिवशी मला ताप भरला. तोवर बाळाच्या नाकातल्या नळ्या निघाल्या होत्या, बारीक ऑक्सिजन तेवढा होता. रोज काही तास तिला माझ्या उघड्या छातीवर ठेवायचे. आईच्या अंगाच्या उबेनं आणि श्वासाच्या लयीनं लेकराचा श्वास नीट चालतो. तापामुळे मला आत जाता येईना. सिस्टर म्हणाल्या, घरातली दुसरी कुणी बाई चालेल. आजी आहे ना?

आईनं हात जोडले. "म्हाया अंगावर नको, बाई. म्हायं अंग चांगलं नाई."

"आजी, तुमचं अंग गरम आहे का?"

"हाव."

"मंग झालं. हात धुवा, ब्लाउजची बटनं सोडा, अन् बसा गुमान."

सिस्टरनी तिला अक्षरशः दंडाला धरून आत नेलं. मी काचेतून बघत होते. आईच्या काळ्या, उन्हानं रापलेल्या छातीवर ती मूठभर पोर पालथी ठेवली, वरून फडकं बांधलं. आई पुतळ्यासारखी ताठ बसली. तिनं स्वतःचा श्वासही धरून ठेवला असावा, कारण सिस्टर काहीतरी म्हणाल्या आणि तिनं सोडला. हळूहळू तिचे खांदे खाली आले. अर्ध्या तासानं तिचं एक बोट फडक्यातून खाली गेलं आणि बाळाच्या तळपायाशी जाऊन थांबलं. टिचकी मारायची गरज पडली नाही. बोट तिथेच राहिलं, पुरे तीन तास. लघवीला जायचं का विचारलं तरी आई उठेना.

त्याच दुपारी नवीन बदलून आलेले एक तरुण डॉक्टर कागद घेऊन खाटाखाटांशी फिरत होते. आईजवळ येऊन त्यांनी विचारलं की हे बाळ कितव्या महिन्यातलं. दार उघडं होतं, म्हणून मला ऐकू आलं.

"आठव्यातलं," आई म्हणाली. "आठव्याच्या दोन आठवड्यांचं. लिहून घ्या बरोबर."

ज्यांना हे वाचायची वेळ आली आहे त्यांच्यासाठी

मला डॉक्टरकी कळत नाही, म्हणून औषधाबद्दल मी काही सांगणार नाही. ती सुई वेळेवर मिळाली असती तर काय झालं असतं, हे मला आजवर कुणी छातीठोकपणे सांगितलेलं नाही. मॅडम म्हणाल्या होत्या की वेळ इतका थोडा होता, कदाचित फार फरक पडला नसता. कदाचित. हा शब्द माझ्यापाशी राहणार आहे, आणि तो राहावा असंच मला वाटतं.

पण महिना खरा सांगा. लाज वाटली तरी, सासूसमोर असो की आईसमोर. कार्ड कपाटात ठेवू नका, घराबाहेर जायच्या पिशवीत ठेवा. आणि काचेबाहेर बसलेल्या आजीला कुणीतरी आत न्या. ती घाबरलेली असते, आणि तिचं ऐकून घ्यायला कुणी नसतं.

आमच्या गावात कुणाचे दिवस भरत आले की आई आता तिच्या घरी जाते आणि कार्ड कुठे ठेवलंय ते विचारते. बायका तिला हसतात. एकदा सरपंचांच्या सुनेनं म्हटलं, "आजी, तुम्हाले वाचता येते का?" आई म्हणाली, "मले नाई येत. तुले येते ना? मंग वाच मोठ्यानं."

पोरीचं नाव संबोधी, ते आम्ही दवाखान्यातच ठेवलं, एकविसाव्या दिवशी, तोवर ती खाटेच्या चिठ्ठीवर नुसती माझ्या नावानं ओळखली जायची. छत्तिसाव्या दिवशी ती घरी आली. वजन दोन किलोला थोडं कमी, नाकात नळी नाही, अंगावर तार नाही. पुढे दोन हिवाळे छातीत घरघर व्हायची, वाफ द्यावी लागायची, आणि मी रोज झोपलेल्या पोरीच्या पोटावर हात ठेवून श्वास मोजायचे. मग तेही थांबलं. डोळे तपासले, कान तपासले, सगळं ठीक निघालं.

आता ती पहिलीत आहे. मागच्या महिन्यात आम्ही सगळे गिरडच्या टेकडीवर गेलो होतो. बाबा अर्ध्या वाटेत दगडावर टेकले, मी दोनदा थांबले. संबोधी टेकडी मधे कुठेही न बसता वरपर्यंत चढली.